कळतं, पण वळण्याचं बळ कुठून आणायचं?

आम्ही माझगावच्या बाया बोलतोय. मुंबईत गोदीच्या बाजूला आमचं म्हातारपाखाडी हे जुनं गावठाण आहे. लाकडी जिन्यांची घरं, अरुंद गल्ल्या आणि एक जुना क्रूस. आठवड्यातून एकदा आम्ही काही जणी प्रार्थनेला जमतो. मुंबईत राहत असलो तरी आमची भांडणं तुमच्यासारखीच: पाणी, जागा, जावा-नणंदा.

आमच्यातल्या एकीचं तिच्या जावेशी तीन वर्षं बोलणं नव्हतं. भांडण झालं मोरीवरून. ही बाई उपवास करायची, प्रार्थना तोंडपाठ म्हणायची. पण जाऊ समोर आली की तोंड कडू. एके दिवशी ती रडत म्हणाली, "माफ करायला हवं हे मला कळतं गं, पण होतच नाही. मग माझ्या या प्रार्थनेचा उपयोग काय?"

प्रश्न खरा होता, आणि तो तिच्या एकटीचा नव्हता. खोटं बोलू नये, दुसऱ्याच्या सुखावर जळू नये, पोरांवर राग काढू नये, हे कोणाला ठाऊक नाही? कळतं, पण वळत नाही. ख्रिस्ताचा प्रेषित पौल, एवढा मोठा माणूस, त्यानंही आपल्या पत्रात हीच कबुली दिली आहे: जे चांगलं करायचं मनात असतं, ते माझ्या हातून होत नाही.

या प्रश्नाचं उत्तर आम्हाला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सापडलं. 1858 साली जन्मलेल्या या बाईंचे आईवडील दुष्काळात, उपासमारीत गेले. पुढे भाऊ गेला, नवरा गेला, आणि पदरात राहिली लहानगी मनोरमा. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. 1889 साली इथंच मुंबईत, चौपाटीजवळ, विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं. विद्या होती, धर्म होता, सेवाही होती. तरी त्यांनी पुढे प्रांजळपणे लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगलं: आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळालेला नाही.

हा फरक नीट समजून घेऊ या. धर्म सांगतो, असं वाग. पण तसं वागण्याची ताकद नुसत्या नियमातून येत नाही. आपल्यावर जीव लावणारा, चुकलेल्याला जवळ घेणारा, क्रुसावरूनही मारणाऱ्यांसाठी क्षमा मागणारा ख्रिस्त ओळखीचा झाला, त्याच्यावर भार टाकला, की बळ त्याच्याकडून येतं.

येशूनं हे द्राक्षवेलीच्या दाखल्यानं समजावलं. तो स्वतः वेल, आपण फाटे. तुमच्यातल्या ज्या द्राक्षबागेत कामाला जातात त्यांना हे सांगायला नको. काडी फळासाठी कधी जोर लावते का? ती खोडाला धरून राहते. रस खोडातून येतो, घड काडीला लागतात. तोडून बांधावर टाकलेली काडी दोन दिवसांत वाळते, मग ती कितीही जाड असो. छाटणी होते तेव्हा वेलीच्या कापलेल्या जागेतून पाणी गळतं, पण त्याशिवाय बहार धरत नाही. दुःखाचंही असंच असतं.

रमाबाईंच्या आयुष्यात हे फळ दिसलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार अशा सुमारे 300 मुली-बायांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. तिथं जात विचारली नाही. बाया विणायला शिकल्या, तेलघाणा चालवायला शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवायला शिकल्या. साध्या बाईला वाचता यावं म्हणून रमाबाईंनी सगळं बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. तरी त्यांनी काम सोडलं नाही. ते संपवूनच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. एवढं सोसून उभं राहणं एकट्या माणसाच्या जिद्दीवर होत नाही. त्यांनी स्वतः त्याचं श्रेय ख्रिस्तालाच दिलं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. देवाच्या बळानं जगणं म्हणजे मार खात गप्प बसणं नव्हे. मनातून सूड काढून टाकायचा, पण जुलूम लपवायचा नाही. घरात मारहाण होत असेल तर 181 या महिला हेल्पलाइनला फोन करा, गटातल्या बायांना सांगा. रमाबाईंनीही छळलेल्या मुलींना सोसत राहायला सांगितलं नाही, त्यांना दार उघडून आत घेतलं.

मग हे बळ मिळवायचं कसं? आम्ही काय करतो ते सांगतो. सकाळी चूल पेटवण्याआधी थोडा वेळ शांत बसतो. शुभवर्तमानातला एखादा छोटा प्रसंग वाचतो. वाचता येत नसेल तिला दुसरी वाचून दाखवते. मग जे जमत नाही ते खरं खरं बोलतो: "प्रभू, मला तिचा राग येतो. माझ्याच्यानं होत नाही, तू माझ्यात कर." आणि त्या दिवसापुरतं एकच पाऊल उचलतो. उद्याचं बळ उद्या मागायचं.

आमच्या त्या बाईनंही तसंच केलं. जाऊ तापानं पडली तेव्हा हिनं पेजेचं भांडं तिच्या उंबऱ्यावर ठेवलं. दारात तिचे पाय लटपटत होते, असं ती सांगते. जाऊ अजून फारशी बोलत नाही. पण भांडं घासून परत आलं, आणि हिच्या मनातली गाठ सैल झाली. आता ती म्हणते, "ते माझ्याच्यानं झालं नाही गं, माझ्याकडून करवून घेतलं गेलं."

मैत्रिणींनो, या आठवड्यात गटात बसाल तेव्हा एकमेकींना विचारा: मला कळतं पण वळत नाही, अशी माझी एक गोष्ट कोणती? उत्तर खरं द्या. बळ मागायची सुरुवात तिथूनच होते.

येतो आम्ही. नमस्कार.