पंचांचा निर्णय आणि प्रेक्षकांचा क्षोभ

सामना हरला म्हणून प्रेक्षक जितका खिन्न होतो, त्याहून अधिक तो ‘अन्याय झाला’ या जाणिवेने क्षुब्ध होतो. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गावांत कबड्डीचे सामने पाहणाऱ्या कोणालाही याचा प्रत्यय आलेला असेल. हा क्षोभ उत्पन्न का होतो, याचा शांतपणे विचार करणे उचित ठरेल.

पंच हा मनुष्य आहे. त्याच्या दृष्टीतून एखादी गोष्ट निसटणे स्वाभाविक आहे. अशी चूक प्रेक्षक बहुधा विसरतो. परंतु एकाच कृतीला आज एक न्याय आणि उद्या दुसरा न्याय मिळाला, म्हणजे त्याचा विश्वास ढळतो. खरी वेदना चुकीची नसून विसंगतीची असते.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेतील पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात झाला. गुण २८-२८ असे समसमान असताना भारताचा पवन सेहरावत चढाईस गेला. कोणासही स्पर्श न करता तो राखीव क्षेत्रात, म्हणजे लॉबीत शिरला आणि त्याच्या पाठोपाठ इराणचे बचावपटूही तेथे शिरले. आता बाद कोण? एका नियमानुसार केवळ चढाई करणारा. दुसऱ्या नियमानुसार त्याच्यामागे गेलेले बचावपटूही! व्यावसायिक लीगमध्ये एक नियम रूढ, तर आंतरराष्ट्रीय नियमपुस्तकात दुसरा. निर्णय वारंवार फिरला, खेळाडू मैदानातच बसून राहिले आणि खेळ सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारताला तीन व इराणला एक गुण देण्यात आला आणि भारताने ३३-२९ असा विजय मिळविला. सुवर्णपदक मिळाले खरे. पण इराणच्या प्रेक्षकांच्या मनाला काय वाटले असेल, याचाही आपण विचार करावा. तेथे पंचांच्या दृष्टीपेक्षा नियमांचे द्वैतच अधिक दोषी होते.

मात्र क्षोभालाही मर्यादा हवी. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत पंचांनी शिवराज राक्षे या मल्लास चीतपट घोषित केले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. परंतु संतापाच्या भरात त्याने पंचांना लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्याची तक्रार खरी की खोटी, हा प्रश्न मागे पडला. लाथ तेवढी सर्वांच्या स्मरणात राहिली. हाताने वा पायाने मागितलेला न्याय स्वतःच अन्याय होऊन बसतो.

मग उपाय कोणता? क्रिकेटने तो सावकाश शोधला. घरच्या पंचांविषयी पाहुण्या संघांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा १९८६ साली लाहोर येथील पाकिस्तान-वेस्ट इंडीज कसोटीत तटस्थ पंच म्हणून दोन भारतीय उभे राहिले: मुंबईचे पिलू रिपोर्टर आणि आपल्या हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी. पुढे १९९२ साली दरबान येथे दूरचित्रवाणीची दृश्ये पाहून निर्णय देणारा तिसरा पंच आला, आणि त्याने बाद ठरविलेला पहिला फलंदाज होता सचिन तेंडुलकर! यंत्राने पंचाचा मान घटला नाही. उलट त्याच्यावरील संशयाचे ओझे हलके झाले.

आपल्या गावच्या मैदानावर कॅमेरे नाहीत, हे खरे. तथापि तीन गोष्टींना पैसा लागत नाही. सामन्यापूर्वी दोन्ही संघांना नियम वाचून दाखवावे. निर्णय देताना त्याचे कारण मोठ्याने सांगावे. आणि कर्णधाराने नम्रपणे विचारलेली शंका पंचाने ऐकून घ्यावी. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिट्टी हाती घेईल, कोणी गुणपत्रक लिहील. आपल्या आणि परक्या संघाला त्या वेळी एकच माप लावा. मग हरलेला संघही मान ताठ ठेवून घरी जाईल.