महागाई कोणाच्या ताटावर?

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. चाळिशीच्या आतल्या एक बाई दवाखान्यात आल्या. जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटऱ्या दुखतात, अशी तक्रार. पापणी खाली ओढून पाहिली, तर आतली बाजू पांढुरकी. रक्त तपासले. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. स्त्रियांमध्ये ते निदान १२ असावे लागते. मी सवयीने लोहाच्या गोळ्या लिहिल्या आणि खाली एक ओळ जोडली : ‘दूध, फळे, पालेभाज्या, डाळी भरपूर घ्याव्यात.’

बाईंनी चिठ्ठी वाचली आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतील. ही शेवटची ओळ कुठे मिळते, तेवढं सांगा."

मी ओशाळलो. मग पेन खाली ठेवून विचारले, "काल दिवसभरात काय जेवलात?" सकाळी चहा-चपाती. दुपारी भात आणि आमटीचे वरचे पाणी. रात्री चपाती आणि ठेचा. "ह्यांना आणि मुलांना भाजी पुरली, मला काय, चालतं," असे त्या सहज बोलून गेल्या.

वाचकहो, आजाराचे एक मोठे कारण या ‘चालतं’ शब्दात आहे. किराणा महागला की प्रत्येक घर काटकसर करते. पण ही काटकसर सगळ्यांच्या ताटात सारखी वाढली जात नाही. आधी दूध कमी होते, मग डाळ पातळ होते, मग भाजी आटते आणि शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात उरते ते नुसते पीठ आणि तिखट. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातले प्रमाण ५४ टक्के होते. पाळीतला जादा रक्तस्राव, जंत, लागोपाठची बाळंतपणे हीही त्याची कारणे आहेत आणि ती तपासावीच लागतात. पण ताटाकडे न पाहता नुसत्या गोळ्या देणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

त्या दिवसापासून मी गावोगावच्या आप्तांना आणि मित्रांना एकच प्रश्न विचारू लागलो : भाव चढले की तुमच्याकडे काय कमी होते?

माझी धाकटी बहीण डोंबिवलीला असते. नवरा-बायको दोघे नोकरीला, पगारातला मोठा भाग घराच्या हप्त्यात जातो. वाणसामान ती मुंबई ग्राहक पंचायतीच्या गटातून घेते. १९७५ सालापासून चालू असलेल्या या संस्थेत सभासद एकत्र मागणी नोंदवून माल घेतात आणि आपसात वाटून घेतात. चार घरांनी मिळून घाऊक खरेदी करण्याची ही रीत आपल्या गावातही सहज जमेल. पण बहिणीने दुसरीही एक वाट धरली होती. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो शंभरीच्या पलीकडे गेले, तेव्हा संध्याकाळच्या भाजीऐवजी मुलांना पाकिटातल्या शेवया मिळू लागल्या आणि तीच सवय पुढे राहिली. पोट भरते, पैसेही थोडे लागतात. पण त्या पाकिटात मुख्यतः मैदा, तेल आणि मीठ असते. ही एकट्या डोंबिवलीची गोष्ट नाही. २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार शहरी कुटुंबाच्या मासिक खर्चापैकी सुमारे ४० टक्के खर्च खाण्यापिण्यावर होतो आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा पेये व तयार खाद्यपदार्थांचा आहे.

सोलापूरचा माझा वर्गमित्र डॉक्टरच आहे. तो सांगतो, २०१५ साली तूरडाळ दोनशे रुपये किलोच्या घरात गेली, तेव्हा त्याच्याकडे येणाऱ्या जाणत्या बायांनी तुरीचा हट्ट सोडला आणि मटकी, हुलगा, मसूर यांवर भागवले. सोबत ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी होतीच. हे अगदी शास्त्राला धरून आहे. भाकरीतल्या प्रथिनात जे कमी असते, ते कडधान्य भरून काढते आणि कडधान्यातली उणीव भाकरी भरून काढते. मात्र त्याने दुसरी बाजूही सांगितली. भाजी महागली की लोणचे आणि पापड यांवर जेवणे होतात आणि रक्तदाबाचे रोगी पाय सुजवून दवाखान्यात येतात. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा मीठ पुरे. एवढे मीठ लोणच्या-पापडाच्या जेवणात केव्हाच ओलांडले जाते.

नागपूरला माझे साडू राहतात. त्यांच्याकडे रश्श्यावर तर्री दिसली नाही तर जेवण झाल्यासारखे वाटत नाही. २०२१ मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा त्यांनी कुठलेसे सुटे, स्वस्त तेल आणायला सुरुवात केली. मी फोनवरच त्यांना रागावलो. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. हजारो लोकांचे पाय सुजले, ६० हून अधिक माणसे दगावली. तेलात काटकसर जरूर करावी, पण ती मापात करावी, दर्जात नव्हे. माणशी दिवसाला चार-पाच लहान चमचे तेल पुरते. या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला अडीच किलो तेल पुष्कळ झाले. पाच किलोचा डबा संपत असेल, तर निम्मे पैसे तिथेच सापडतील.

तेव्हा कात्री कुठून लावायची, याचा क्रम लक्षात ठेवा. पहिली कात्री बिस्किटे, फरसाण, शीतपेये आणि पाकिटातले खाऊ यांना. दुसरी तेल आणि साखरेला. डाळ, शेंगदाणे, अंडी आणि पालेभाजी यांना सर्वांत शेवटी हात लावावा.

५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. मूठभर शेंगदाण्यांतून त्यातली सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा आणि पन्नास ग्रॅम डाळीतून अकरा. उरलेली भाकरी-पोळी, दूध-ताकातून भरून निघतात. दूध परवडत नसेल तर नाचणी वापरा, तिच्यात चुना भरपूर असतो. भाजी मोसमाची घ्या. तांदुळजा, चाकवत, शेवग्याचा पाला या भाज्यांना मंडईत फारसा मान नाही, पण रक्ताला त्यांचा उपयोग आहे. मोड आलेल्या कडधान्यावर लिंबू पिळा, लोह अंगी लागते. स्वयंपाकाला लोखंडी कढई काढा. जेवणावर लगेच चहा मात्र नको, तो लोह शोषू देत नाही.

शिधापत्रिकेवर प्राधान्य गटातील कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. ते धान्य न चुकता आणा आणि वाचलेले पैसे डाळीसाठी बाजूला ठेवा. गरोदर व स्तनदा मातांनी आणि लहान मुलांसाठी अंगणवाडीतला आहार घ्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

एवढे सगळे करूनही, घरातली बाई शेवटी आणि एकटी जेवत असेल तर हा हिशेब फुकट जातो. रात्रीचे जेवण तरी सर्वांनी एकत्र बसून घ्यावे. जे आहे ते सर्वांच्या पुढ्यात सारखे वाढले जाते आणि डाळ कमी पडली, तर ती सर्वांनाच दिसते.

त्या बाई तीन महिन्यांनी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन १०.२. अजून मजल बाकी आहे, पण जिना न थांबता चढल्या. या वेळी त्यांचे यजमानही सोबत होते. मी चिठ्ठी लिहिली आणि शेवटची ओळ बदलली : ‘डाळ शिजली की पहिली वाटी स्वतःसाठी काढून ठेवावी.’

बाईंनी चिठ्ठी वाचली आणि काही न बोलता यजमानांच्या हातात दिली.