वारसा ठरवणारी सही

न्यूयॉर्कचं भव्य पेन स्टेशन १९६३ साली पाडायला घेतलं, तेव्हा ते रोखायला शहराच्या हाती कायदाच नव्हता. तीनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९६६ रोजी, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ऐतिहासिक वारसा जतनाच्या राष्ट्रीय कायद्यावर सही केली. त्या कायद्याने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही, म्हणजे 'नॅशनल रजिस्टर', उभी केली. त्यात काय येणार आणि काय नाही, यावर शेवटची सही 'कीपर' या अधिकाऱ्याची असते. पहिले कीपर विल्यम मर्टाग.

कीपरचं कार्यालय केंद्राच्या नॅशनल पार्क सर्व्हिसमध्ये आहे, पण बहुतेक प्रस्ताव येतात ते गावोगावाहून. प्रस्ताव कुणीही लिहू शकतं. राज्याचा वारसा अधिकारी आणि तिथलं तज्ज्ञांचं मंडळ तो आधी तपासतात, मग तो वर जातो. तिथे ४५ दिवसांची मुदत.

अर्जाचा सातवा आणि आठवा भाग म्हणजे त्याचा जीव. सातव्यात वास्तू आज कशी आहे ते लिहायचं: भिंती कशाच्या, मूळ खिडक्या कुठल्या, नंतर बसवलेल्या कुठल्या, मागची खोली केव्हा वाढवली. आठव्यात, ती महत्त्वाची का. कसोट्या चार. इतिहासातली घटना, एखादी मोठी व्यक्ती, बांधणीचं वैशिष्ट्य, किंवा त्या जागेतून इतिहासाबद्दल मिळू शकणारी माहिती. शिवाय वय साधारण ५० वर्षं हवं. महत्त्व असाधारण असेल तर सूट मिळते. न्यूयॉर्कच्या 'स्टोनवॉल इन'ला ती मिळाली. बांधकाम म्हणून तिथे डोळ्यांत भरण्यासारखं काही नाही. पण जून १९६९ मध्ये पोलिसांच्या धाडीपुढे समलिंगी माणसं तिथे ठाम उभी राहिली, आणि १९९९ साली त्या जागेची नोंद झाली. देखण्या कमानी कुणालाही दिसतात. जिथे दिसण्यासारखं काही नाही तिथला इतिहास ओळखणं, हे या पदाचं खरं काम आहे असं मला वाटतं.

नोंद झाली म्हणजे वास्तू वाचली, असं मात्र नाही. खासगी मालकाने स्वतःच्या पैशाने ती पाडायची म्हटलं, तर नुसत्या या नोंदीच्या जोरावर त्याला अडवता येत नाही. आपला कायदा याहून कडक आहे. स्मारक संरक्षित ठरवण्याआधी भारताचं केंद्र सरकार हरकतींसाठी दोन महिने देतं, आणि ते संरक्षित झालं की भोवती १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी येते. शनिवारवाड्याजवळच्या जुन्या वाड्यांतल्या रहिवाशांना तिची झळ चांगली ठाऊक आहे.

कीपरच्या सहीचं वजन दुसरीकडे पडतं. केंद्राच्या पैशाचा किंवा परवान्याचा रस्ता, पूल, धरण अशा जागेच्या मुळावर येणार असेल, तर संबंधित खात्याला आधी परिणाम तपासावे लागतात, राज्याच्या वारसा अधिकाऱ्याशी सल्लामसलत करावी लागते. उत्पन्न देणाऱ्या वास्तूचं जतन नियमांनुसार केलं, तर त्या खर्चाच्या २० टक्के इतकी करसवलतही आहे. कितीतरी बंद गिरण्या आणि गोदामं तिच्या आधाराने पुन्हा नांदती झाली.

१९८० च्या दुरुस्तीने खासगी मालकाला नकाराचा हक्क दिला. परिसर मोठा असेल तर बहुसंख्य मालकांचा नकार लागतो, आणि मालमत्ता केवढीही असो, प्रत्येक मालकाचं मत एकच. नकार आला की नोंद होत नाही. तरीही प्रस्ताव कीपरकडे जाऊ शकतो आणि कीपर ती जागा 'पात्र' ठरवू शकतो. या कायद्यातली सगळ्यांत शहाणी तरतूद मला हीच वाटते, कारण पात्र ठरलेल्या जागेलाही सरकारी प्रकल्पाआधीची ती तपासणी चुकत नाही.