तिळाएवढं भोक, बोराएवढी गाठ!

समज, देगलूरच्या एका सोनाराने ताईचा कान टोचला. भोक केवढं? तिळाएवढं! जखम भरली, ताई विसरूनही गेली. काही महिन्यांनी तिथेच एक गाठ फुगायला लागली. टणक, गुळगुळीत, सारखी खाजणारी. वाढता वाढता बोराएवढी!

आत काय असेल, ओळख पाहू! पू? छे! आत आहे नुसती दुरुस्ती!

आजीची वाकळ पाहिलीस ना? फाटली की आजी टाके घालते आणि भोक बुजलं की दोरा तोडते. आपल्या कातडीतही अशा शिवणाऱ्या पेशी असतात. त्यांचं नाव फायब्रोब्लास्ट. त्यांचा दोरा म्हणजे कोलॅजन. खरचटलं की त्या लागल्याच कामाला!

पण काही जणांच्या कातडीत त्या थांबतच नाहीत! भोक बुजलं तरी टाके चालूच. मग शेजारच्या धड कापडावरही! जखमेची हद्द ओलांडणाऱ्या या व्रणाला म्हणतात केलॉइड. कानाची पाळी, छाती, खांदा इथे तो जास्त होतो. सावळ्या माणसांत जास्त दिसतो, कधी एकाच घरात दोघातिघांना. तो कर्करोग नाही. हात लावल्याने पसरतही नाही. ताईला खुशाल चिकटून बस!

मग टाकावा कापून? थांब! कापणं म्हणजे वाकळीला नवं भोक! नुसता कापला तर निम्म्याहून जास्त वेळा तो परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा! म्हणून डॉक्टर गाठीतच स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, काही आठवड्यांच्या अंतराने. ते पेशींना जणू दटावतं, "बास करा गं आता!" सिलिकॉनची पट्टी महिनोन्‌महिने लावतात. कापलाच, तर नंतर कानाला दाबून धरणारी क्लिप घालतात. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवता येतं.

आता खरी गंमत ऐक! गोठ्यातल्या म्हशीच्या कानात १२ अंकांचा पिवळा बिल्ला असतो ना? तोही कान टोचूनच बसवतात. ते भोक तर ताईच्या भोकापेक्षा कितीतरी मोठं! तरी म्हशीला केलॉइड होत नाही. शेळीला नाही, कुत्र्याला नाही, उंदरालाही नाही. फक्त माणसाला!

म्हणून प्रयोगशाळेतल्या उंदरांवर याचा अभ्यास नीट जमत नाही. मग शास्त्रज्ञ काय करतात? माणसाच्या कापून काढलेल्या गाठीतल्याच पेशी काचेच्या बशीत वाढवतात, आणि त्या टाके कधी थांबवतात ते बघत बसतात!