येऊन-जाऊन शिकणाऱ्यांचें समाजजीवन

शिष्यानें गुरूगृहीं राहून विद्या संपादन करावी, ही आपल्याकडील जुनी पद्धत. नालंदेच्या विहारांत आचार्य व शिष्य एकत्र राहत. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथेंही महाविद्यालय म्हणजे पाठशाळा आणि निवास दोन्ही. जेथें राहणें तेथेंच शिकणें असलें म्हणजे सुटीच्या दिवसाची चिंता पडत नाहीं. वर्ग संपले तरी सोबती तेच, भोजनगृह तेंच आणि क्रीडांगणही तेंच.

मुंबई विद्यापीठाची घडण मुळांतच निराळी झाली. १८ जुलै १८५७ रोजीं तें स्थापन झालें, तें लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घेणें व पदव्या देणें हें त्याचें प्रथमचें काम. शिकविणें हें संलग्न महाविद्यालयांचें. त्यापूर्वीं चारच वर्षें, १६ एप्रिल १८५३ रोजीं, बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली होती. पुढें शहर रुळांच्या कडेनें लांबत गेलें आणि या दोन गोष्टींची सांगड पडली. विद्यार्थ्यानें घरीं राहावें व गाडीनें कॉलेजांत यावें, हाच येथील शिरस्ता झाला. वसतिगृहें आहेत, परंतु एकंदर विद्यार्थ्यांच्या मानानें तीं फार थोडीं.

या शिरस्त्याची किंमत वेळेंत द्यावी लागते. चर्चगेटपासून विरार सुमारें ६० किलोमीटर, तर छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत सुमारें १००. शहराच्या दक्षिण टोकास शिकणाऱ्या विरारच्या मुलाचे दिवसाचे तीन तास गाडींत जातात; कर्जतच्या मुलाचे त्याहून अधिक. आठवडाभर असा प्रवास केल्यावर रविवारीं पुन्हां तीच गाडी पकडावी, असें कोणास वाटेल? त्यांतून रविवारीं गाड्या कमी, आणि रुळांच्या दुरुस्तीसाठीं मेगाब्लॉक असला तर खोळंबा ठरलेलाच. म्हणून शनिवारीं दुपारीं कॉलेजाचें आवार रिकामें होऊं लागतें आणि रविवारीं पहारेकऱ्याखेरीज तेथें फारसें कोणी दिसत नाहीं. हें पाहून कित्येक वडीलधारी मंडळी म्हणतात कीं, या मुलांना समाजजीवन असें नाहींच.

हा निर्णय घाईचा आहे. समाजजीवन नाहींसें झालेलें नाहीं. त्यानें जागा व वार बदलला आहे, इतकेंच. ठराविक वेळेच्या गाडीच्या ठराविक डब्यांत रोज भेटणारा घोळका ही एक मंडळीच असते. तेथें टिपणांची देवघेव होते, वाढदिवस साजरे होतात आणि घरच्या अडचणीही बोलल्या जातात. दुसरें स्थान नाक्याचें. माटुंग्याचा रुईया नाका प्रसिद्ध झाला, तो केवळ चहामुळें नव्हे. १९३७ सालचें रुईया व १९४१ सालचें पोदार हीं महाविद्यालयें तेथें शेजारशेजारीं आहेत. मध्य रेल्वेचें माटुंगा स्थानक जवळ आहे आणि दोन्ही मार्ग जेथें मिळतात तें दादरही लांब नाहीं. जेथें सर्वांच्या वाटा एकत्र येतात, तेथेंच बैठक जमते.

रविवारचेंही अगदीं शून्य नसतें. पावसाळ्यांत पहांटेची लोकल धरून मुलांच्या टोळ्या कर्जतला उतरतात आणि पेठच्या किल्ल्याकडे किंवा राजमाचीकडे वळतात. कसाऱ्यास उतरून कळसूबाई गांठणारेही असतात. एरवीं मुलांना आपआपल्या गांवीं पांगविणारी गाडी त्या दिवशीं त्यांना एकत्र आणते. १९६९ सालीं, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षीं, सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना हा दुसरा आधार. दोन वर्षांत २४० तासांचें काम व खेड्यांतील सात दिवसांचें शिबिर, अशी तिची आंखणी आहे. रोज घरीं परतणाऱ्या कित्येक मुलांना चार परक्यांबरोबर एका छपराखालीं झोपण्याचा व एका पंक्तीस बसण्याचा पहिला अनुभव या शिबिरांतच मिळतो.

खरा प्रश्न आहे तो या सर्वांतून सुटणाऱ्यांचा. एकांकिकेच्या तालमी वर्ग सुटल्यावर सुरू होतात आणि रात्रीपर्यंत चालतात. दादरच्या मुलास त्याचें कांहीं वाटत नाहीं. परंतु बदलापूरच्या मुलीस गाडीची वेळ पाहून मध्येंच उठावें लागतें. अशी दोनतीनदां उठली कीं, चौथ्या वेळीं तिला कोणी बोलावीत नाहीं. गुण कमी म्हणून नव्हे, तर घर लांब म्हणून ती मागें पडते. नोकरी करून शिकणाऱ्याची स्थितीही तीच.

यावर उपाय महागडे नाहींत. विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास रविवारींही चालतो. तेव्हां अडचण भाड्याची नसून वेळेची व घरच्या संमतीची आहे. तालमी व सभा दुपारीं ठेवाव्या, सुटण्याची वेळ आधीं कळवावी व ती पाळावी. इतकें झालें तर बहुतेक पालक नको म्हणणार नाहींत. आणि पालकांनींही एवढें ध्यानांत घ्यावें कीं, पदवीबरोबर चार माणसें जोडून मुलगी घरीं आली, तर तो वेळ वायां गेला असें नाहीं.

उरले ते वसतिगृहांतील थोडके विद्यार्थी. सोबती आपआपल्या घरीं गेल्यावर रविवार त्यांनाच सर्वांत जड जातो; कित्येक खानावळी तर त्या दिवशीं संध्याकाळीं बंदच असतात. गरीब विद्यार्थ्यास वार लावून जेवूं घालण्याची चाल महाराष्ट्रांत पूर्वीं घरोघर होती. तींत उपकाराचा जो अंश होता तो गेला तें बरेंच झालें. परंतु मुलाच्या वर्गांतील एखाद्या परगांवच्या सोबत्यास महिन्यांतून एका रविवारीं जेवावयास बोलावणें कोणत्याही सुशिक्षित कुटुंबास अवघड नाहीं. ज्या विद्यापीठाचे विद्यार्थी घरोघर विखुरलेले आहेत, त्याचें भोजनगृहही घरोघरच असावयाचें.