थेंबभर रक्त, एक रेघ

सिलिअ‍ॅक ही गव्हाची साधी ॲलर्जी नव्हे. गहू, जव, राय यांतल्या ग्लूटेनमुळे प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. त्या वेळी रक्तात ट्रान्सग्लुटामिनेज या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. प्रयोगशाळा तीच मोजते. पण त्यासाठी शिरेतलं रक्त, यंत्र आणि दोन-चार दिवसांची वाट, हे सगळं आलंच.

झटपट चाचणीतली युक्ती मोठी झकास आहे. हे प्रथिन आपल्या तांबड्या पेशींतही असतं. बोटाच्या टोकाचं रक्त द्रावणात टाकलं की पेशी फुटतात, प्रथिन मोकळं होतं आणि प्रतिपिंडं असली तर त्याला चिकटतात. थेंब पट्टीवर सोडायचा. काही मिनिटांत दुसरी रेघ उमटली, तर संशय पक्का. महागडं प्रथिन वेगळं बनवायला नको, म्हणजे खर्चही आटोक्यात.

हंगेरीत २००५ मध्ये परिचारिकांनी सहा वर्षांच्या २,६९० मुलांची अशी तपासणी केली. १.४ टक्के मुलांना सिलिअ‍ॅक निघाला. मात्र नव्याने सापडलेल्या ३२ जणांपैकी परिचारिकांच्या हाती लागले २५. फिकट रेघ ओळखायला नजर तयार व्हावी लागते, आणि तिथेच खरं काम बाकी आहे.

चाचणीआधी पोळी बंद करू नका, प्रतिपिंडं ओसरतात. ज्यांच्या शरीरात ‘आयजीए’ प्रतिपिंडंच कमी, त्यांच्यात ही पट्टी फसू शकते. रेघ उमटली तरी आहार बदलण्याआधी पोटविकारतज्ज्ञ गाठा.