रक्तदाब दोन्ही हातांचा मोजा

१९०८ साली जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची कड्यासारखी विचित्र गुंफण नोंदवली. अशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे इतर जपानी डॉक्टरांनी दाखवून दिले. ताकायासू आर्टरायटिस हा तो आजार. महाधमनी आणि तिच्या मोठ्या शाखांच्या भिंतींना सूज येते, भिंत जाड होते, आतली वाट अरुंद होत जाते. बहुतेक रुग्ण चाळिशीच्या आतल्या स्त्रिया असतात. आजार दुर्मीळ आहे खरा, पण निदानाला उशीर होण्यामागे साध्या तपासणीची हयगयही आहे. सुरुवातीची कणकण, थकवा, घटणारे वजन या तक्रारी ‘अशक्तपणा’ ठरतात आणि रक्तवाढीच्या गोळ्या सुरू होतात. पुढे वेणी घालतानाच हात भरून येतो, चक्कर येते, मानेची शीर दुखते. खरा चकवा रक्तदाबाचा आहे. ज्या हाताची धमनी अरुंद झाली, तिथे मोजला तर तो कमी भरतो. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडे मात्र त्याच वेळी वाढलेला दाब सोसत असतात. भारतात मूत्रपिंडांच्या धमन्या या आजाराच्या तावडीत सापडण्याचे प्रमाण मोठे असल्याने हा धोका आपल्याकडे अधिक.

दुर्मीळ आजारासाठी प्रत्येकीचे दोन्ही हात कशाला तपासायचे, असे कुणी म्हणेल. पण त्याला एखादे मिनिट लागते, खर्च शून्य, आणि सुटलेल्या निदानाची किंमत पक्षाघात किंवा निकामी मूत्रपिंड असू शकते. दोन्ही हातांच्या रक्तदाबात पाऱ्याच्या १० मिलिमीटरहून अधिक फरक वारंवार दिसला, तर पुढे शोध घ्यायलाच हवा. सुजेचा अंदाज देणाऱ्या रक्तचाचणीचा ‘ईएसआर नॉर्मल आहे’ हा दिलासाही पुरेसा नाही. रक्तचाचण्या ठीक असूनही भिंतीतली सूज धुमसत राहू शकते. म्हणून डॉप्लर, सीटी किंवा एमआर अँजिओग्राफी करावी लागते.

उपचार आहेत, पण ते चिकाटीचे आहेत. स्टेरॉइडने सूज उतरते आणि मात्रा कमी करताना अनेकदा उलटते, म्हणून जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन देतात. त्यानेही न भागल्यास टॉसिलिझुमॅबसारखी जैविक औषधे. त्यांच्याआधी सुप्त क्षयाची तपासणी आपल्या देशात तरी टाळू नये. अँजिओप्लास्टी किंवा बायपास शक्यतो सूज शांत असताना करावी, नाहीतर वाट पुन्हा बुजण्याची भीती असते. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे. बरे वाटले म्हणून स्टेरॉइड स्वतःहून बंद करू नका. आणि घरातल्या तरुण मुलीचा रक्तदाब पुढच्या वेळी मोजतील, तेव्हा दुसरा हातही पुढे करायला सांगा.